शिडावरून पसंत केलेली होडी

ताईने होडी पसंत केली तेव्हा तिने ती होडी नीट पाहिलीही नव्हती. पाहिलं होतं फक्त शीड. तिच्या शिवणखोलीच्या लाकडी जमिनीवर तीन होड्यांची तीन जुनी शिडं पसरली होती आणि ताई त्यांच्यामधून गुडघ्यांवर रांगत होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि दातांत दोऱ्याचं टोक. मी दारात उभा होतो, हातात माझी यादी घेऊन. यादीत चौदा मुद्दे होते आणि प्रत्येक मुद्द्यावर तिन्ही होड्यांना गुण दिलेले होते. मी औषधवाला आहे. चिठ्ठी लावल्याशिवाय मला बाटली फडताळात ठेववत नाही. ताईने ती यादी शेवटपर्यंत वाचली नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण तो राग माझ्या मनात अजून आहे.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा सत्तावन्न. तीस वर्षं ती बंदरावर शिडं शिवते आहे. बंदरावर तिला सगळे ‘दाभण’ म्हणतात. ते नाव हातातल्या दाभणामुळे पडलं की जिभेमुळे, याबद्दल दोन मतं आहेत. दोरखंडवाल्याच्या दुकानावर तिची खोली. लांबलचक, तिन्ही बाजूंना खिडक्या, जमीन इतकी घासलेली की कापड हाताने ढकललं तर समोरच्या भिंतीपर्यंत सरकत जातं. शिवणयंत्र जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं, म्हणजे टेबल आणि जमीन एका पातळीत येतात आणि शीड कुठे लोंबत नाही. त्या खड्ड्यात पाय सोडून ताई बसते. मेणाचा, डांबराचा आणि ओल्या सुताचा वास तिच्या केसांना आहे. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलंच तर ‘राहून गेलं’ म्हणते, जसं काही दळण आणायचं राहून गेलं.

त्याच खोलीच्या जिन्यावरून ती आदल्या वर्षी पडली. डावं मनगट मोडलं. दोरखंडवाला जेवायला गेलेला, त्यामुळे तीन तास ती जिन्याच्या तळाशी तशीच पडून होती. मी पोचलो तेव्हा तिने मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की वर यंत्राखाली कापड अडकलंय, ते आधी सोडव. मी कापड सोडवलं. मग दवाखान्याच्या बाकावर बसून मला रडू आलं.

तेव्हापासून मी ठरवलं की ताईने ती खोली बंद करायची आणि आमच्याकडे येऊन राहायचं. आमची मागची खोली मी रंगवून घेतली. खिडकीला पडदे लावले, पलंगाशी घंटी बसवली. सहा महिने मी रोज विषय काढत होतो आणि ताई रोज तो उडवून लावत होती. माझ्या औषधांच्या दुकानात येणाऱ्या तिच्या गिऱ्हाइकांना मी परस्पर सांगायलाही लागलो होतो की ताई आता काम बंद करते आहे, शिडं दुसरीकडे टाका. हे तिच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी ती आमच्या घरी आली, बसली नाही, आणि उभ्याउभ्याच म्हणाली की यंदा ती किनारा मोहिमेत उतरणार आहे.

किनारा मोहीम म्हणजे काय ते सांगतो. दर वर्षी वरच्या टोकाच्या बंदरातून लहान होड्या निघतात आणि अडीचशे मैल किनाऱ्याकिनाऱ्याने आमच्या बंदरात येतात. इंजिन चालत नाही. शीड आणि वल्ही, बस्स. वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही, मुक्काम जिथे जमेल तिथे, आणि दहाव्या दिवशी दुपारी बाराच्या आत आमच्या धक्क्यावरची घंटा स्वतःच्या हाताने वाजवायची. निघणाऱ्यांपैकी निम्मे पोचत नाहीत. ताईला होडी चालवता येत होती, कारण शिवलेलं शीड पाण्यावर कसं बसतं ते बघायला ती गिऱ्हाइकांच्या होड्यांतून जायची. पण धक्का दिसेनासा होईल इतकी लांब ती कधीच गेली नव्हती.

"वेळेत घंटा वाजवली तर तू पुन्हा त्या मागच्या खोलीचं नाव काढायचं नाहीस," ती म्हणाली. "नाही वाजवली तर मी शिवणखोलीला कुलूप लावते आणि तुझ्याकडे येते. तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

ताई आणि अवाक्षर काढणार नाही, हे ऐकूनच मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर ती हरणार याची मला खात्री होती. ती बुडेल याची भीतीही तितकीच होती, आणि या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा मावत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ताई गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही ताईंना सांभाळताय की तुमच्या भीतीला?"

आता होडीचा प्रश्न आला. ताईची स्वतःची होडी नव्हती, पण ज्याचं शीड तिच्या हातून गेलं नाही असा माणूस बंदरावर क्वचितच होता. त्यामुळे होडी द्यायला तिघे तयार झाले. नौका मंडळाच्या सेक्रेटरीने आपली शर्यतीची होडी देऊ केली. निमुळती, हलकी, वाऱ्याची झुळूक आली की धावायला लागणारी, दोनदा बक्षीस मिळवलेली. होड्या बांधणाऱ्या सुताराने आपली छप्पर असलेली होडी देऊ केली. आत झोपायला दोन फळ्या, चुलीला जागा, पाऊस लागायचा नाही. माझ्या यादीत तिला सगळ्यात जास्त गुण होते. तिसरी होडी खाडीच्या आत राहणाऱ्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांची. आखूड, पोटाला रुंद, उघडी, पंचवीस वर्षं जुनी. तिला मी यादीत घेतलं ते केवळ तुलनेला काहीतरी असावं म्हणून.

ताईने तिघांनाही सांगितलं, होडी नको, आधी जुनं शीड पाठवा.

तर त्या दिवशी ती तीन शिडांमधून रांगत होती. मी म्हटलं, ताई, होडी बघायची सोडून ही फडकी काय बघतेस. तिने मला खाली बसायला लावलं. शिडाच्या खालच्या भागात आडव्या रांगेत भोकं असतात. वारा वाढला की शिडाचा तेवढा भाग गुंडाळून त्या भोकांतल्या दोऱ्यांनी बांधून टाकायचा, म्हणजे शीड लहान होतं आणि होडी आटोक्यात राहते. सेक्रेटरीच्या शिडाची ती भोकं ताईने मला बोट घालून बघायला लावली. कोरी करकरीत होती.

"कधी बांधलेलीच नाहीत," ती म्हणाली. "वारा वाढला की हे महाशय घरी. ही होडी चांगल्या दिवसांची आहे, बारक्या. दहाच्या दहा दिवस चांगले मिळणार आहेत का मला?"

सुताराच्या शिडाला घड्यांवर काळी बुरशी होती आणि बाकी कापड नवं. म्हणजे ते शीड घडी घालूनच राहिलं होतं. होडी सुखाची होती, पण इतकी जड की वारा पडला तर वल्हवता येत नाही आणि किनाऱ्यावर ओढता येत नाही. म्हणून ती बंदरातच बसते, ताई म्हणाली, आणि मीही तिच्यात बसून राहीन. माझे चौदा मुद्दे तिने असे दोन वाक्यांत निकालात काढले.

मग तिने मास्तरांचं शीड पुढे ओढलं. तपकिरी, ठिगळांनी भरलेलं. भोकं ताणून ताणून लांबट झालेली आणि तीनदा नव्याने शिवलेली, दोन्ही बाजू सारख्याच झिजलेल्या. खालच्या शिवणीची एक पट्टी ताईने उसवली आणि ती पांढऱ्या कागदावर झटकली. वाळू पडली. तिने बोटाने ती वेगळी केली. काळी, पिवळसर, शिंपल्यांच्या चुऱ्याची, आणि एक लालसर, जी आमच्या बाजूला कुठे मिळत नाही.

"चार किनाऱ्यांची वाळू आहे," ती म्हणाली. "ही होडी वाईट वाऱ्यात बाहेर राहते, कुठेही किनाऱ्याला लागते आणि परत घरी येते. एकट्या माणसाने ओढून काढलेली आहे." तेव्हा तिचे डोळे असे चमकले की मला माझी यादी खिशात घालावीशी वाटली. घातली.

मास्तर ऐंशीचे. दर उन्हाळ्यात एकटे होडी घेऊन जायचे, आता गुडघे ऐकत नव्हते. होडी देताना ते एवढंच म्हणाले, "शीड जुनं आहे, पण होडीला त्याची सवय आहे." ताईने मान डोलावली आणि घरी येऊन नवं शीड शिवायला घेतलं.

ही चूक फक्त शीडवालीच करू शकते. तीस वर्षं तिने दुसऱ्यांसाठी शिवलं होतं, आणि आता पहिल्यांदा स्वतःसाठी शिवत होती. गिऱ्हाइकाने ‘चालेल’ म्हटल्यावर थांबायची सवय असलेला तिचा हात थांबेना. तीन महिने ती त्या शिडावर होती. टाका असा की दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, कोर दुहेरी, पोटाचा फुगवटा असा की वाऱ्याची फुंकर वाया जाऊ नये. शीड ताणून धरणारी वरची काठी तिने जुन्या काठीपेक्षा दोन हात लांब घेतली. बंदरावरची माणसं बघायला यायची आणि जिन्यावरून हळू आवाजात बोलत उतरायची. सेक्रेटरी तर त्या शिडासमोर दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहिला. ताईला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं.

मोहिमेला तीन आठवडे राहिले असताना तिने ते शीड होडीवर चढवलं आणि सगळ्या बंदरादेखत बाहेर पडली. वारा होता, फार नाही. होडी धक्क्यापासून शंभर हात गेली असेल नसेल, शीड फुगलं, होडी एका बाजूला कलली, कलतच राहिली, आणि ताई पाण्यात. धक्क्यावर कुणीतरी हसलं. पण होडी आडवी तरंगत राहिली, ताई पोहत मागच्या बाजूला गेली, तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभी राहून तिने सगळं वजन टाकलं आणि होडी उभी झाली. मग ती मागच्या कडेवरून, उजव्या हाताच्या जोरावर, आत लोळली. सगळं मिळून चार मिनिटं लागली. त्या रुंद पोटाच्या होडीने तिला आत घेतलं. शर्यतीच्या होडीने घेतलं नसतं, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

धक्क्यावर आल्यावर ती थेट शिवणखोलीकडे निघाली. निथळत वर गेली. मी मागोमाग गेलो, मनात म्हटलं, आता ती स्वतःच म्हणेल, झालं बाबा, येते तुझ्याकडे. ती जमिनीवर दोन्ही शिडं शेजारी शेजारी पसरून बसली होती, नवं आणि जुनं.

"मी हे होडीसाठी शिवलंच नाही," ती म्हणाली. "लोकांनी बघावं म्हणून शिवलं."

आणि तिने मोठी कात्री घेतली. मी खरंच तिचा हात धरायला पुढे झालो. तीन महिन्यांचं काम होतं ते, आणि इतकी देखणी वस्तू मी त्या खोलीत दुसरी पाहिलेली नाही. तिने मला बाजूला सारलं आणि मधोमध कापलं. दोन दिवसांत त्याचा तंबू झाला, होडीवर ताणून खाली झोपता येईल असा. जुन्या तपकिरी शिडाला तिने चार नवी ठिगळं लावली, भोकं पुन्हा शिवली, आणि बाकी त्याला हात लावला नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही कदाचित पोचेल. ते मला आवडलं की नाही, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

होड्या ट्रकने वरच्या बंदरात गेल्या आणि मोहीम सुरू झाली. वाटेत पाच चौक्या होत्या. होडी चौकीवरून गेली की फोन यायचा आणि मंडळाच्या फळ्यावर खडूने वेळ लिहिली जायची. मी दिवसातून चारदा दुकान सोडून फळा बघायला जात होतो. गिऱ्हाईक खोकत उभं आणि मी फळ्यापाशी. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीची होडी, ती चालवत होता त्याचा भाचा, सगळ्यांच्या पुढे होती आणि ताई एकोणीस जणांत सतरावी. सुतारानेही आपली होडी दुसऱ्याच्या हाती देऊन उतरवली होती, तीही ताईच्या पुढे. सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की वयाच्या मानाने उत्तम चाललंय. मला त्याचा अस्सा राग आला, आणि तो का आला ते माझं मलाच कळेना. ताई मागे पडावी असं मलाच नको का वाटायला?

पाचव्या दिवशी वारा उठला आणि तीन दिवस हटला नाही. फळ्यावर एकेका नावापुढे फुली पडायला लागली. सेक्रेटरीच्या होडीचं शीड उभं फाटलं. भाचा सुखरूप होता, गाडीने घरी आला. सुताराची होडी एका बंदरात शिरून बसली ती बसलीच. ताईच्या नावापुढे सहाव्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नाही. सातव्या दिवशीही नाही. दुकानात मी एका बाईला मलमाऐवजी काढा दिला, तिने तो परत आणून दिला. आठव्या दिवशी सकाळी चौथ्या चौकीवरून फोन आला. ताई पोचली होती. वाऱ्यात शीड गुंडाळत गुंडाळत शेवटच्या रांगेपर्यंत लहान करून ती जात राहिली होती, आणि जिथे जाता येईना तिथे होडी वाळूत ओढून काढून तंबूखाली झोपली होती. फळ्यावर ती आता सहावी होती. दुकान उघडं टाकून मी घरी धावलो आणि बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बसा आधी, पाणी प्या.

दहाव्या दिवशी साडेदहापासून मी बंदराच्या बांधावर उभा होतो. पाच जण येऊन गेले होते. अकरा वाजता ते तपकिरी शीड दिसलं, आणि बांधावरच्या माणसांत एकच गलका झाला. सव्वाअकराला ती बंदराच्या तोंडाशी आली आणि वारा पडला. एकदम, दार लावल्यासारखा. त्यातच ओहोटी लागलेली. पाणी बंदरातून बाहेर ओढत होतं आणि त्याच्याबरोबर होडीही.

ताईने शीड उतरवलं आणि वल्ही घेतली. बांधावरून मला तिचा डावा हात दिसत होता. तो तिने चामड्याच्या पट्टीने वल्ह्याला बांधून टाकला होता, म्हणजे त्या मनगटात आता काही उरलं नव्हतं. पाण्याच्या मध्यावर ती जागच्या जागीच होती. मग तिने होडी वळवून बांधाच्या अगदी कडेला घेतली, जिथे ओढ कमी असते, आणि माझ्या पायाखालून हळूहळू पुढे सरकायला लागली. तिचं तोंड उन्हाने सोललेलं, ओठ फुटलेले. तिने वर बघितलं नाही. बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती.

मी हरावं म्हणून ती वल्हवत होती. ती थांबली असती तर मागच्या खोलीतला पलंग, पडदे, घंटी, सगळं जसं मी ठरवलं होतं तसं झालं असतं. आणि मी ओरडायला लागलो. एक, दोन, ओढ. एक, दोन, ओढ. बांधावर उभ्या असलेल्या मोहिमेच्या पंचाने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, ओरडू नये असं नियमात कुठे लिहिलंय ते दाखव. त्याने दाखवलं नाही. मी बांधावरून तिच्या बरोबरीने चालत होतो आणि ओरडत होतो, बावन्न वर्षांचा माणूस, पायात दुकानातल्या चपला. थोड्या वेळाने दोरखंडवाला ओरडायला लागला, मग सुतार, मग सगळाच बांध. ती त्या मोजणीवर ओढत होती. एकदा थांबली, तेव्हा मी सगळ्यांना गप्प केलं आणि वाट बघितली. तिने मान हलवली, तसं मी पुन्हा सुरू केलं.

धक्क्याला लागली तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. पट्टी सोडून ती स्वतः शिडीवरून वर आली आणि घंटेपाशी गेली. दोर उजव्या हातात धरला. तळहात सोलून निघाला होता, बोटं मिटेनात. दोर हातातून सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. सेक्रेटरी मदतीला पुढे झाला आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो होता तिथेच थबकला. घंटा स्वतःच वाजवायची होती.

ताईने दोराकडे एकदा नीट बघितलं, शिवायच्या कापडाकडे बघते तसं. मग तो कमरेभोवती दोनदा फिरवला, टोक काखेत दाबलं, आणि सरळ खाली बसली. सगळ्या वजनानिशी, धप्पकन. घंटा अशी वाजली की तिच्यावरचे पक्षी उडाले. ती उठली आणि पुन्हा बसली. पुन्हा घंटा वाजली. माणसं हसत होती, टाळ्या वाजवत होती, सुताराने टोपी पाण्यात फेकली. मास्तर खुर्चीवर बसून डोळे पुसत होते. मला काही दिसेनासं झालं होतं. मी आयुष्यात कधी काही जिंकलो असेन तर त्या दिवशी, हरताना.

मी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी जाऊन बसलो. ती अजून दोरात गुंडाळलेली तशीच जमिनीवर होती. मी म्हटलं, ताई, मी हरलो. ती म्हणाली, "ऐकलं मी. दोन मैलांवरून ऐकू येत होतं." मग तिने सुजलेल्या हाताने माझी बाही धरली. तिचा आवाज पार बसला होता.

"बारक्या, तू माझ्या गिऱ्हाइकांना परत पाठवलंस ना? आता सांग त्यांना."

मी उठून उभा राहिलो. माझाही घसा गेला होता, पण जे काही उरलं होतं ते सगळं लावून मी सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं ओरडलो, की शिवणखोली सोमवारी उघडी आहे, आणि ज्यांची शिडं फाटली आहेत त्यांनी सकाळी लवकर यावं, कारण गर्दी होणार आहे.